मीटरवरचा ब्रिक्स चुकतो कुठे? संत्रा प्रक्रिया युनिटसाठी रिफ्रॅक्टोमीटर आणि अल्ट्रासॉनिक मीटर वापरायची पद्धत

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या रस-स्क्वॅशच्या युनिटांत आंबिया बहाराचा, म्हणजे ऑक्टोबरपासूनचा, माल उतरायला लागला की दरवर्षी तीच तक्रार कानावर येते. पाइपवरचा मीटर एक ब्रिक्स (शंभर ग्रॅम द्रवात विरघळलेली साखर किती ग्रॅम, तो आकडा) दाखवतो, हातातला रिफ्रॅक्टोमीटर दुसरा, आणि माल घेणाऱ्या पार्टीच्या लॅबचा रिपोर्ट तिसराच. मग मीटर बिघडला म्हणून कंपनीला फोन जातो आणि इंजिनिअर येईपर्यंत बॅच अंदाजाने निघत राहते. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी मीटर धड होता. गडबड होती ती तापमानात, नमुन्यात, प्रिझमवर बसलेल्या थरात किंवा पीएलसीत (पॅनेलमधल्या कंट्रोलरमध्ये) भरलेल्या रेंजमध्ये. ती सापडत नाही, कारण शोधायचा क्रम चुकतो. परत आलेले ड्रम छोट्या युनिटला परवडत नाहीत, म्हणून हा क्रम सविस्तर लिहितो आहे.

उदाहरणे संत्र्याच्या रसाची आहेत. साखरेचा पाक, काकवी किंवा कापड गिरणीतला कॉस्टिक सोडा मोजणाऱ्यांनाही बहुतेक टप्पे तसेच लागू पडतील. फक्त तक्ता बदलेल.

## आधी हे समजून घ्या: मीटर साखर मोजत नाही

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाशाचा कोन मोजतो. प्रिझमला टेकलेल्या द्रवावर प्रकाश पडतो, एका ठरावीक कोनापलीकडे तो पूर्ण परत फिरतो, आणि त्या कोनावरून द्रवाचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाशाला किती वाकवतो तो आकडा, निघतो. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा अपवर्तनांक १.३३३० असतो, १० ब्रिक्सच्या साखर-पाण्याचा १.३४७८, ४० चा १.३९९९ आणि ६५ चा सुमारे १.४५३. मीटरच्या पोटात हा तक्ता भरलेला असतो. कोन मोजून तो तक्त्यातला ब्रिक्स दाखवतो.

अल्ट्रासॉनिक मीटर वेळ मोजतो. एका सेन्सरपासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ठरलेले असते. ध्वनीला ते कापायला किती वेळ लागला यावरून वेग निघतो आणि वेगावरून तक्त्यातला गाढपणा. ५० मिलिमीटर अंतर पाण्यात सुमारे ३३ मायक्रोसेकंदांत कापले जाते. पातळ पाकात एक ब्रिक्स वाढला तर वेग सेकंदाला साधारण ३ ते ४ मीटरने वाढतो, म्हणजे वेळेतला फरक मायक्रोसेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. मीटर एवढे बारीक मोजू शकतो. आपण त्याच्यासमोर काय ठेवतो, हा खरा प्रश्न.

दोन्ही मीटरांना साखर, आम्ल, मीठ, कॉस्टिक यांतला फरक कळत नाही. रसात आम्ल असले तर त्याचाही कोनावर परिणाम होतो. म्हणूनच लॅबवाले रसाच्या रीडिंगमध्ये आम्लाची दुरुस्ती करतात: एक टक्का सायट्रिक आम्लाला साधारण ०.२ ब्रिक्स मिळवायचे. साध्या रसात हा फरक छोटा दिसतो, पण पाच टक्के आम्ल असलेल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये (आटवलेल्या रसात) तो एक ब्रिक्सच्या आसपास जातो. पार्टीचा रिपोर्ट दुरुस्ती करून दिलेला आहे की न करता, हे आधी विचारून घ्या. कित्येक भांडणे इथेच मिटतात.

## टप्पा १: कोणत्या जागी कोणता मीटर

रिफ्रॅक्टोमीटर प्रिझमला चिकटलेला अतिशय पातळ थर बघतो. त्यामुळे रसाचा रंग, चोथा आणि बुडबुडे त्याला फारसे त्रास देत नाहीत. त्रास देतो तो प्रिझमवर जमणारा थर. अल्ट्रासॉनिकचे उलटे आहे. ध्वनी पाइपातल्या द्रवातून आरपार जातो, म्हणून सेन्सरवरच्या पातळ थराने तो लगेच फसत नाही. पण हवेचे बारीक बुडबुडे आले की त्याचा सिग्नल विखरून जातो आणि आकडा नाचायला लागतो.

एक्स्ट्रॅक्टरमधून नुकत्याच निघालेल्या, फेसाळ रसाच्या पाइपवर अल्ट्रासॉनिक लावू नका. डीएरेटरच्या (रसातली हवा काढणाऱ्या यंत्राच्या) पुढे, पंपाच्या दाबाखालच्या पाइपवर तो चांगला चालतो. इव्हॅपोरेटरनंतरच्या (रस आटवणाऱ्या यंत्रानंतरच्या) गाढ रसावर मी रिफ्रॅक्टोमीटरच सुचवतो.

दोन्ही मीटर एकाच पाइपवर लावायचा फायदा तिथे होतो, जिथे द्रवात दोन पदार्थ विरघळलेले असतात. मीठ आणि साखर या दोघांचा कोनावर आणि वेगावर होणारा परिणाम वेगवेगळ्या प्रमाणात असतो. त्यामुळे दोन रीडिंगांवरून दोन्ही प्रमाणे काढता येतात. गोड लोणच्याचे मिश्रण किंवा कॉस्टिकमध्ये मिसळलेला धुण्याचा सोडा अशा जागी याचा उपयोग आहे. नुसत्या साखर-पाण्यासाठी दोन मीटरांचा खर्च करू नका.

सावधान: अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात प्रमाण वाढत गेले की ध्वनीचा वेग आधी वाढतो आणि मग उतरतो. म्हणजे एकाच वेगाची दोन प्रमाणे असू शकतात. अपवर्तनांकही जास्त अल्कोहोलला पोहोचल्यावर उतरतो. अशा द्रवाला कोणती रेंज चालेल हे मीटर घेण्याआधी बघा, नंतर नाही.

## टप्पा २: तयारी

पुढचे सामान टेबलावर आल्याशिवाय कॅलिब्रेशनला (मीटर प्रमाणाशी जुळवण्याला) हात लावू नये. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, डिस्टिल्ड पाणी, कोरडी बारीक साखर, झाकणाच्या काचेच्या बाटल्या, खात्रीचा थर्मामीटर, मऊ टिश्यू आणि हातातला रिफ्रॅक्टोमीटर.

शून्य करायला बोअरचे पाणी वापरणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम क्षार असले तर शून्यच ०.१ ब्रिक्सने वर बसते. शिवाय ते पाणी वाळले की प्रिझमवर पांढुरका डाग राहतो. मेडिकलमध्ये मिळणारी डिस्टिल्ड पाण्याची बाटली महाग नाही, तेवढी आणाच.

प्रमाण द्रावण बनवताना सगळ्यात जास्त चुका होतात. २० ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम साखर. म्हणून २० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम पाणी, दोन्ही काट्यावर. २० ग्रॅम साखर १०० ग्रॅम पाण्यात टाकली तर द्रावण १६.७ ब्रिक्सचे होते. मोजपात्रात २० ग्रॅम साखर घेऊन १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरले तर १८.६ येतो. मीटर बिचारा खरे सांगत असतो आणि आपण त्याला २० वर ओढून आणतो. त्यानंतर अख्खा हंगाम सगळे आकडे वर चढलेले राहतात.

तीन द्रावणे पुरेशी आहेत: १०, ४० आणि ६० ब्रिक्सची. ६० च्या द्रावणाला ६० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम पाणी. बाटली झाकण लावून कोमट पाण्यात ठेवा आणि हलवत राहा. उघड्या भांड्यात गरम केले तर वाफ जाते आणि द्रावण गाढ होते.

तपासणी: बाटली उजेडाकडे धरून तळ बघा. साखरेचा एकही दाणा दिसत असेल तर द्रावण वापरू नका. रिफ्रॅक्टोमीटर फक्त विरघळलेली साखर मोजतो. द्रावण त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी नवे करा.

## टप्पा ३: हातातला रिफ्रॅक्टोमीटर आधी ठीक करा

पाइपवरच्या मीटरला आपण हातातल्या मीटरशी ताडून बघतो. म्हणून हातातलाच चुकला तर पुढचे सगळे चुकते.

प्रिझम डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि टिश्यूने टिपून घ्या, घासू नका. पाण्याचे दोन थेंब टाका, झाकण लावा आणि अर्धा मिनिट थांबा. थेंब आणि प्रिझम यांचे तापमान एक व्हायला तेवढा वेळ लागतो. मग शून्य करा. त्यानंतर १० आणि ४० ची द्रावणे घ्या. फरक ०.२ च्या आत असेल तर पुढे जा. शून्य बरोबर आणि ४० ला मोठा फरक, असे झाले तर आधी द्रावण पुन्हा बनवून बघा आणि मगच मीटरला दोष द्या.

तापमानाबद्दल इथे जरा थांबतो, कारण निम्म्या तक्रारी याच एका गोष्टीच्या आहेत. ब्रिक्सचा तक्ता २० अंशांचा असतो. द्रव गरम असेल तर अपवर्तनांक उतरतो आणि मीटर कमी दाखवतो. ३० अंशांना रीडिंगमध्ये साधारण ०.८ ब्रिक्स मिळवावे लागतात, ४० अंशांना दीडच्या थोडे वर. द्रव थंड असेल तर उलटे, मीटर जास्त दाखवतो. डिसेंबरच्या पहाटे शेडमध्ये १२ अंश असताना घेतलेले रीडिंग अर्ध्या ब्रिक्सच्या आसपास वर असते.

याचा व्यवहारातला अर्थ असा. एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) निकषांनुसार स्क्वॅशला किमान ४० टक्के विद्राव्य घन, म्हणजे ४० ब्रिक्स लागतात. पहाटेच्या पाळीतल्या माणसाने दुरुस्ती न करता ४०.२ बघून बॅच सोडली, तर माल खरे तर ३९.७ च्या आसपास आहे आणि लॅबमध्ये नापास होणार. दुपारच्या पाळीत ३५ अंशांच्या नमुन्यावर ४० आणायला गेला, तर एक ब्रिक्सहून जास्त साखर फुकट गेली. पाळी बदलली की ब्रिक्स बदलतो, अशी तक्रार असेल तर माणसांना बोलण्याआधी दोन्ही वेळचे तापमान लिहून बघा.

मीटरवर एटीसी (तापमानाची आपोआप दुरुस्ती) लिहिलेले आहे, मग तो आपोआप दुरुस्ती करतोच की, असे पुष्कळ जण म्हणतात. करतो, पण बहुतेक मीटरांत फक्त १० ते ३० अंशांच्या दरम्यान. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला मीटरच ४० च्या वर असतो. मृग बहाराचा माल मार्चपर्यंत ओढला जातो, तेव्हाच्या दुपारीही ३० ची मर्यादा सहज ओलांडते. मीटर आणि नमुना दोन्ही लॅबच्या थंड खोलीत आणा. खोली नसेल तर पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून नमुना २० ते २५ अंशांवर आणा.

## टप्पा ४: नमुना

१. नमुना मीटरच्या जवळच्या कॉकमधूनच घ्या. टाकीच्या वरून मगाने काढलेला रस आणि पाइपातला रस एक नसतो. टाकीत साखर तळाला बसलेली असते.

२. कॉक उघडून आधी अर्धा लिटर सोडून द्या. नळीत मागच्या बॅचचा किंवा धुण्याच्या पाण्याचा उरलेला भाग असतो.

३. बाटली पूर्ण भरा आणि लगेच झाकण लावा. पाश्चरायझरनंतरचा ८५-९० अंशांचा रस उघड्या ग्लासात थंड होऊ दिला तर वाफ जाऊन त्याचा ब्रिक्स वाढतो. बंद बाटली पाण्यात ठेवून थंड करा.

४. बाटली भरली त्या क्षणाला पाइपवरच्या मीटरचे रीडिंग आणि तापमान लिहा. नमुना लॅबमध्ये थंड झाल्यावर खाली जाऊन रीडिंग बघितले तर ती तुलना नाही. तोवर पाइपातला रस बदललेला असतो.

५. चोथा जास्त असेल तर मलमलच्या कापडातून गाळा. चोथ्याने ब्रिक्स बदलत नाही, पण हातातल्या मीटरमधली उजेड-अंधाराची सीमारेषा पुसट दिसते आणि वाचणारा अंदाजाने आकडा सांगतो.

## टप्पा ५: पाइपवर मीटर बसवणे

आडव्या पाइपवर मीटर बाजूने बसवा. वरून बसवला तर पाइपाच्या माथ्याला साठलेली हवा त्याच्यासमोर येते, खालून बसवला तर गाळ. उभ्या पाइपात रस खालून वर चढत असेल तर ती जागा उत्तम, कारण पाइप नेहमी भरलेला राहतो. वरून खाली उतरणाऱ्या पाइपावर बसवू नका.

पंपाच्या ओढीच्या बाजूला मीटर नको. तिथे एखाद्या ढिल्या क्लॅम्पमधून हवा आत ओढली जाते. पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला बसवा. प्रिझमवरून रस सेकंदाला दीड मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने जात असेल तर प्रिझम स्वतःच बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. पाइप मोठा आणि वेग कमी असेल तर मीटरच्या जागी तेवढाच तुकडा लहान व्यासाचा करून घ्या. हे काम स्थानिक फॅब्रिकेटर करून देतो आणि पुढची पुष्कळ डोकेदुखी वाचते.

मीटरच्या जवळ पाइपात आत बघायचा काचेचा तुकडा असेल तर तो झाका, बाहेरचा उजेड आत येऊन रिफ्रॅक्टोमीटरला त्रास देतो. ट्रान्समीटरचा डबा बॉयलरच्या भिंतीला किंवा उन्हात तापणाऱ्या पत्र्याला लावू नका. बाहेरचे तापमान किती चालेल ते मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. विदर्भातला मे महिना डोळ्यासमोर ठेवून तो आकडा वाचा. व्होल्टेज वरखाली होते तिथे छोटा यूपीएस द्या.

तपासणी: नमुना घ्यायचा कॉक मीटरपासून हाताच्या अंतरावर आहे का? नसेल तर आत्ताच बसवून घ्या. कॉक नसेल तर मीटर कधीच तपासता येणार नाही.

## टप्पा ६: आधी पाणी, मग पाक, शेवटी रस

हा क्रम मोडू नका. थेट रसावर जुळवणी केली की चूक कुठली, मीटरची की रसाची, हे कधीच कळत नाही.

पाणी. पाइप धुवून त्यात आरओचे पाणी भरा आणि तापमान स्थिर होऊ द्या. पाण्याचे गुण जगभर सारखेच असतात, म्हणून मीटर तपासायला याहून चांगले प्रमाण नाही. रिफ्रॅक्टोमीटरचा अपवर्तनांक २० अंशांना १.३३३०, ३० ला १.३३१९ आणि ४० ला १.३३०६ दिसायला हवा. अल्ट्रासॉनिकचा वेग २० अंशांना सेकंदाला १४८२ मीटर, ३० ला १५०९ आणि ४० ला १५२९. मीटरच्या मेनूमध्ये कच्चे रीडिंग दाखवायचा पर्याय असतो, तो शोधा. फक्त ब्रिक्सकडे बघू नका.

रिफ्रॅक्टोमीटरचे कच्चे रीडिंग बरोबर आले, तर प्रकाश आणि प्रिझम ठीक. चुकले तर आधी प्रिझम धुवा. अल्ट्रासॉनिकचा वेग चुकला तर तापमानाचा सेन्सर बघा. ३० अंशांच्या आसपास पाणी एका अंशाने तापले की वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटरने वाढतो. म्हणजे थर्मामीटर एका अंशाने चुकला, तर पातळ रसात ब्रिक्स पाऊणच्या आसपास चुकणार. अल्ट्रासॉनिकमध्ये तापमानाचा सेन्सर वेगाच्या सेन्सरइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

थंड पाणी पाइपात तापत असेल तर त्यातली विरघळलेली हवा सुटते आणि सेन्सरच्या तोंडावर बारीक बुडबुडे बसतात. पाणी जोरात फिरवा किंवा आधी उकळून थंड केलेले वापरा.

पाक. मग १०, ४० आणि ६० ची द्रावणे. मीटर पाइपातून काढता येत असेल तर भांड्यात बुडवून तपासा. तिन्ही ठिकाणी सारखाच फरक असेल तर एकच दुरुस्ती पुरते. फरक वाढत जात असेल तर उतार (कच्च्या रीडिंगमागे ब्रिक्स किती वाढतो ते प्रमाण) बदलावा लागतो. एकाच द्रावणावर जुळवणी करून उतार कधीही बदलू नका.

रस. आता खरा माल. इथे आम्ल आणि इतर घटकांमुळे शुद्ध साखरेच्या तक्त्यापासून थोडा फरक पडणार. रिफ्रॅक्टोमीटरला एवढ्याने काम भागते: वेगवेगळ्या ब्रिक्सचे निदान पाच नमुने, टप्पा ४ प्रमाणे घेतलेले, आणि त्यांच्या सरासरी फरकाएवढी दुरुस्ती. अल्ट्रासॉनिकचे तसे नाही. तापमानाचा वेगावरचा परिणाम पातळ रसात एक आणि गाढ रसात वेगळाच असतो, म्हणून एका आकड्याची दुरुस्ती सगळीकडे चालत नाही. छोट्या टाकीतून सेन्सरमधून रस फिरवा, तीन गाढपणांना प्रत्येकी तीन तापमानांवर वेग लिहा आणि तो नऊ आकड्यांचा तक्ता मीटरमध्ये भरा. हंगाम सुरू व्हायच्या आधी एक दिवस यासाठी राखून ठेवा.

सावधान: एका नमुन्यात फरक दिसला म्हणून लगेच दुरुस्ती टाकू नका. सकाळी एकाने वर केले, दुपारी दुसऱ्याने खाली केले, असे झाले की मीटर कुठे होता हेच कुणाला आठवत नाही. दुरुस्ती करणारा माणूस एकच असावा, आणि जुना-नवा आकडा तारखेसह मीटरजवळच्या वहीत लिहिलेला असावा.

## टप्पा ७: मीटरपासून स्क्रीनपर्यंत

मीटरच्या डब्यावरचा आकडा बरोबर आणि पॅनेलच्या स्क्रीनवरचा चूक, ही तक्रार आली की सरळ रेंज बघा. मीटर ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल पाठवतो. मीटरमध्ये रेंज ० ते १०० भरलेली असेल, तर ६५ ब्रिक्सला १४.४ मिलिअँपिअर जातात. पीएलसीत कुणी ० ते ८० भरले असेल, तर तोच सिग्नल स्क्रीनवर ५२ दिसतो. ऑपरेटरला वाटते अजून खूप आटवायचे आहे, आणि तो वाफ वाढवतो.

तपासणी: मीटरमधून ४, १२ आणि २० मिलिअँपिअर मुद्दाम सोडा आणि स्क्रीनवर रेंजची सुरुवात, मध्य आणि शेवट दिसतो का बघा. दहा मिनिटांचे काम आहे.

## टप्पा ८: इव्हॅपोरेटर चालवताना

बॅच पद्धतीने आटवणाऱ्यांसाठी हा हिशेब. १० ब्रिक्सचा १००० किलो रस घेतला, तर त्यात १०० किलो घन आहेत. २० ब्रिक्सला यायला ५०० किलो पाणी उडवावे लागते. पण ६० वर आला की एकूण माल १६७ किलो उरतो आणि ६५ ला १५४ किलो. म्हणजे शेवटचे पाच ब्रिक्स चढायला फक्त १३ किलो पाणी उडायचे असते. तासाला २०० किलो पाणी उडवणारे यंत्र असेल तर हे चार मिनिटांत होते, आणि पुढचे पाच, ६५ ते ७०, त्याहूनही लवकर.

आता मीटरचे डॅम्पिंग (आकडा सरासरी काढून सावकाश बदलणे) एका मिनिटाचे असेल आणि रसाला मीटरपर्यंत यायला आणखी दोन मिनिटे लागत असतील, तर स्क्रीनवर ६५ दिसेपर्यंत आत तो ६९ च्या पुढे गेलेला असतो. पहिल्या तासाला ब्रिक्स हलतच नाही म्हणून ऑपरेटर निवांत असतो आणि नेमका शेवटी फसतो. डॅम्पिंग १० सेकंदांच्या आत आणा, ५८ वर वाफ कमी करा आणि अलार्म ६५ वर न ठेवता ६२ वर ठेवा. आपल्या यंत्राला किती आधी थांबायचे ते दोन-तीन बॅचमध्ये वहीवरून कळते.

पातळ करतानाही वजनानेच हिशेब करा. ६५ ब्रिक्सच्या १०० किलो कॉन्सन्ट्रेटला १० वर आणायचे तर ५५० किलो पाणी. हेच कुणी १०० लिटर कॉन्सन्ट्रेट घेऊन केले तर चुकले, कारण ६५ ब्रिक्सच्या १०० लिटरचे वजन १३१ किलोच्या वर भरते.

लाईट गेली आणि पंप थांबला, तर पाइपात उभ्या राहिलेल्या रसाचे रीडिंग धरू नका. तो थंड होतो, चोथा खाली बसतो. पंप सुरू होऊन पाइपातला माल पूर्ण बदलेपर्यंतचे आकडे वहीत घेऊच नका.

## टप्पा ९: प्रिझमवरचा थर आणि धुलाई

संत्र्याच्या सालीत तेल असते. एक्स्ट्रॅक्टरचा दाब जास्त झाला की ते रसात उतरते आणि प्रिझमवर चकचकीत पडदा धरते. या तेलाचा अपवर्तनांक १.४७ च्या वर आहे. त्यामुळे प्रिझमचा काही भाग जरी तेलाने माखला तरी ११ ब्रिक्सच्या रसावर मीटर वर सरकतो, आणि पूर्ण माखला तर ७० च्या पुढे दाखवू शकतो. डोळ्याला प्रिझम स्वच्छच दिसतो. बोट फिरवले की निसरडा लागतो आणि बोटाला सालीचा वास येतो. साध्या पाण्याने हे जात नाही. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण, मऊ कापड आणि मग डिस्टिल्ड पाणी. तारेची घासणी अजिबात नाही.

पाश्चरायझरनंतर जमणारा थर वेगळा असतो. तो रसाचा करपलेला थर असतो आणि हळूहळू वाढतो. रीडिंग रोज थोडे थोडे सरकत असेल आणि धुतल्यावर जागेवर येत असेल, तर हेच कारण समजा.

कॉस्टिकने पाइप धुताना मीटर चालूच असतो. २ टक्के कॉस्टिकवर रिफ्रॅक्टोमीटर साडेतीन-चार ब्रिक्स दाखवतो. हा आकडा बॅचच्या नोंदीत जाऊ देऊ नका. दुसरीकडे त्याचा उपयोगही आहे: धुलाईनंतर पाणी सोडल्यावर रीडिंग पाण्याच्या शून्यावर परत आले नाही, तर पाइपात कॉस्टिक शिल्लक आहे किंवा प्रिझम स्वच्छ झालेला नाही. दोन्ही कारणे गंभीर आहेत, रस सोडू नका. पीएच पट्टीने खात्री करा.

## तरीही आकडा चुकीचा वाटला तर

याच क्रमाने बघा. पुढची पायरी आधी करायचा मोह आवरा.

१. मीटरच्या डब्यावरचा आणि स्क्रीनवरचा आकडा एक आहे का? नसेल तर टप्पा ७.

२. मीटर दाखवतो ते तापमान आणि पाइपातले खरे तापमान जुळते का? एका अंशाहून जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका.

३. आकडा नाचतो की स्थिर राहून चुकतो? अल्ट्रासॉनिकचा नाचत असेल तर हवा शोधा: पंपाचे सील, ढिले क्लॅम्प, डीएरेटरचा व्हॅक्यूम. रिफ्रॅक्टोमीटर स्थिर राहून चुकत असेल तर प्रिझम धुवा.

४. नमुना टप्पा ४ प्रमाणे पुन्हा घ्या, तोही दोनदा. दोन नमुने एकमेकांशीच जुळत नसतील तर दोष नमुना घेण्यात आहे.

५. हातातल्या मीटरचे शून्य आणि ४० चे द्रावण पुन्हा तपासा.

६. पाइपात पाणी भरून कच्चे रीडिंग बघा. इथे चुकले तरच कंपनीला फोन करा, आणि फोनवर तापमान, अपवर्तनांक किंवा वेग हे आकडे सांगा. बहुतेक वेळा इंजिनिअर तेवढ्यावरून दोष सांगू शकतो आणि त्याच्या येण्याचा खर्च वाचतो.

हंगाम संपला की पाइपावरचा मीटर रसात भिजलेला सोडून शेडला कुलूप लावू नका. साबणाने धुवा, डिस्टिल्ड पाण्याने खळबळून कोरडा करा. काढता येत असेल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि मीटरमधल्या सगळ्या सेटिंगचे फोटो काढून वहीत चिकटवा: रेंज, उतार, दुरुस्ती, डॅम्पिंग, अल्ट्रासॉनिकचा नऊ आकड्यांचा तक्ता. पुढच्या ऑक्टोबरमध्ये पहिली गाडी उतरायच्या आठवडाभर आधी पुन्हा पाण्यापासून सुरुवात करायची.